दोन मोटारी आणि एक घर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे सांगायला चिटणीसबाई घरी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, "बाई, मला भाषण येत नाही. मला लोणची येतात, बागेतले थिनिंग येते, कांद्याची चाळ भरता येते." त्या म्हणाल्या, "मग तुमच्या घरी मोटार कशी घेतली तेच सांगा. नाहीतरी सगळ्याजणी तुम्हाला तेच विचारतात." तेव्हा आज मी तेच सांगणार आहे. मोटार दारी आली याचा बडेजाव सांगण्यासाठी मी उभी नाही. एवढा मोठा पैसा घराबाहेर पडताना घरातल्या बाईने कोणते प्रश्न विचारावेत, हे मी या निमित्ताने शिकले, आणि ते आपल्या कानावर घालावे एवढाच माझा हेतू आहे.

माझ्या सासऱ्यांच्या काळी मोटारीची निवड म्हणजे फार सोपे काम होते. एक फियाट आणि दुसरी अँबॅसडर. फियाट आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीत ती होत असे. अँबॅसडर बंगालची. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि नंबर लागला की जी मिळेल ती मुकाट्याने घरी आणायची. आता फियाटही गेली आणि २०१४ साली अँबॅसडरही बंद झाली. आता दुकानात गेले की बाईमाणसाचेच काय, पुरुषमाणसाचेही डोके गरगरावे इतके प्रकार.

आमचा मुलगा द्राक्षे बाहेरदेशी पाठवण्याच्या धंद्यात आहे. त्याला महिन्यातून चार वेळा मुंबईस नाहीतर पुण्यास जावे लागते. जुनी गाडी थकली होती आणि बागेची दोन वर्षे बरी गेली होती. २०२२ च्या पावसाळ्यात त्याने मनात घेतले की, या दसऱ्याला उंची मोटारच घ्यायची. आणि तीही सेडान, म्हणजे जिची डिकी मागे स्वतंत्र काढलेली असते आणि जी जमिनीला धरून चालते, ती. शोधून शोधून दोन गाड्या उरल्या. एक मर्सिडीजची सी-क्लास आणि दुसरी ऑडीची ए-फोर. नावे जर्मन, पण दोन्हींची जुळणी आपल्याच महाराष्ट्रात. पहिली पुण्याजवळ चाकणला, दुसरी औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, शेंद्र्याला. याच औरंगाबादेतल्या मंडळींनी २०१० साली एकजुटीने दीडशे मर्सिडीज एकदम खरेदी केल्या होत्या, पासष्ट कोटींच्या! ती बातमी आमच्या मुलाने तेव्हा कॉलेजात असताना वाचली होती, आणि तो तीन टोकांचा तारा त्याच्या मनात तेव्हापासून बसला होता.

त्याने एक कागद तयार केला. डाव्या हाताला एक गाडी, उजव्या हाताला दुसरी. एकीचे इंजिन दीड लिटरचे, दुसरीचे दोन लिटरचे. एकीची शक्ती २०४ घोड्यांची, दुसरीची १९०. एक मागच्या चाकांनी ढकलत जाते, दुसरी पुढच्या चाकांनी ओढते. एकीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २८६५ मिलिमीटर, दुसरीचे २८२०. युरोपातल्या धडकेच्या चाचणीत दोघींनाही पाच तारे. रात्री जेवणे झाली की बापलेक तो कागद पुढे घेऊन बसत, आणि चौदा घोड्यांवरून वाद चाले. आम्ही दोघी सासूसुना आतून ऐकत असू. एके रात्री माझ्या सासूबाई, वय वर्षे ऐंशी, ओट्यावरूनच म्हणाल्या, "घोडे मोजून झाले असतील तर मला एवढं सांगा, मी त्यात बसायची कशी?"

भगिनींनो, त्या कागदावर हा रकानाच नव्हता!

दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हटले, "तू तुझा कागद ठेव. मीही एक करते." वहीचे पान घेतले आणि त्यावर पाच प्रश्न लिहिले. चढायचे-उतरायचे कसे? आपल्या रस्त्याला चालेल का? सगळा खर्च धरून किती? गंगेला पूर आला तर काय? आणि चालवणार कोण?

पहिल्या प्रश्नासाठी आम्ही सासूबाईंना घेऊनच नाशिकला गेलो. एका दुकानातल्या तरुण मुलाने यजमानांना आणि मुलाला इंजिनाची सगळी माहिती दिली, आणि मला म्हणाला, "काकू, रंग तुम्ही पसंत करा." मी म्हटले, "बाळा, रंग शेवटी पाहू. आधी मागचे दार उघड." सासूबाई दोन्ही गाड्यांत तीन तीन वेळा बसल्या आणि उठल्या. या गाड्यांची बैठक खाली असते. बसताना माणूस आपोआप बसते, गुडघ्याची परीक्षा उठताना होते. सासूबाईंचा निकाल असा झाला की, मांडी पसरायला पहिली ऐसपैस, पण दाराला धरून उठायला दुसरी त्यांच्या हाताला बरी. प्रत्येकीची उंची वेगळी, गुडघे वेगळे. तुमच्या घरी उलटाही निकाल होईल. म्हणून घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला नेल्याशिवाय गाडी पसंत करू नये.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. दुकानातले लोक गाडी फिरवून आणतात ती गुळगुळीत रस्त्यावर, आणि गाडीत दोन माणसे असतात. आम्ही आग्रह धरला की, पाचही माणसे बसवून, आमच्या चांदोरीच्या वाटेने, उसाच्या ट्रॉल्यांनी खणलेल्या रस्त्याने आणि गतिरोधकांवरून न्यायची. थोडी कुरकूर झाली, पण नेली. सेडानचे पोट खाली असते. ओझे भरले की ती आणखी बसते. त्या दिवशी समजले की, कोणतीही घेतली तरी गतिरोधक दिसला की वेग अगदी मोडून जायला हवे. हे आधी समजलेले बरे.

त्याच दिवसांत एक फार वाईट बातमी आली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोठ्या मोटारीला अपघात होऊन उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे एक गृहस्थ गेले. दोघेही मागच्या बाजूला बसले होते, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे निघाले. आपण बायका आणि मुले बहुतेक मागेच बसतो, आणि मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असे म्हणतो. कायद्यात तो मागच्यांनाही आहे. पाच तारे मिळालेली गाडीही पट्टा न लावणाऱ्याला वाचवीत नाही. तेव्हापासून आमच्याकडे सासूबाईंचा पट्टा लागल्याशिवाय चावी फिरत नाही.

आता तिसरा प्रश्न, पैशाचा. इथे मात्र नीट ऐका. जाहिरातीत असतो तो दुकानाचा भाव. सी-क्लास मे २०२२ मध्ये आली ती ५५ लाखांपासून. ए-फोर जानेवारी २०२१ मध्ये आली ती ४२ लाख ३४ हजारांपासून. आम्ही गेलो तोवर भाव थोडे चढले होते, पण हिशोबाला हेच धरू. जीएसटी त्या भावात आलेला असतो. पण आपल्या राज्यात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला त्यावर तेरा टक्के रस्त्याचा कर द्यावा लागतो. म्हणजे एकीचा नुसता कर सात लाख पंधरा हजार, दुसरीचा साडेपाच लाख. वर विमा, नोंदणी आणि किरकोळ. अशा रीतीने एक पासष्ट लाखांच्या घरात गेली, दुसरी पन्नासच्या. मी मुलाला म्हटले, "चौदा घोड्यांना पंधरा लाख; म्हणजे घोड्यामागे लाखाच्या वर पडले की रे!" तो हसला, पण कागदाकडे पाहू लागला.

आमच्याजवळ रोख होते तीस लाख. म्हणजे कर्ज एकीला पस्तीस, दुसरीला वीस. नऊ टक्के व्याज आणि पाच वर्षे धरली, तर पहिलीचा महिन्याचा हप्ता सुमारे ७२,६५० रुपये आणि दुसरीचा सुमारे ४१,५०० रुपये. महिन्याला एकतीस हजारांचा फरक; पाच वर्षांत तो साडेअठरा लाखांवर जातो. आणि बाईने लक्षात ठेवावे असे म्हणजे, बागाईतदाराच्या घरी पैसा येतो वर्षातून एकदा, आणि हप्ता येतो वर्षातून बारा वेळा. नोकरदाराचा हिशोब आपल्याला लागू पडत नाही.

(जाता जाता सांगते, त्या वेळी अशा मोटारींवर अठ्ठावीस टक्के जीएसटी आणि वर सतरा ते वीस टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन एकच चाळीस टक्के झाले आहेत. तेव्हा आज कोणी घेणार असेल तिने माझे आकडे न घेता नवा कागद करावा. रीत मात्र तीच.)

चौथा प्रश्न पुराचा. सायखेड्याच्या माणसाला हा प्रश्न सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९, दोन्ही वेळा गंगा आपल्या पेठेत कशी आली ते आपण डोळ्यांनी पाहिले. खाली नांदूरमधमेश्वरचा बंधारा, वर गंगापूरचे पाणी, आणि मध्ये आपण. बसक्या गाडीच्या इंजिनाने पाणी ओढले की ते अडकते, आणि अशा वेळी पुन्हा पुन्हा चावी फिरवली तर आतले दांडे वाकतात. साधा विमा हे नुकसान बहुधा भरून देत नाही. इंजिनाच्या संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. एका दुकानाच्या विम्याच्या कागदात ते कलम नव्हतेच. मी विचारले तेव्हा ते घातले. तात्पर्य, पाण्यातून काढलेली गाडी सुरू करून पाहू नये, ओढून न्यावी. आणि पाणी चढू लागले की माणसे, जनावरे आणि गाडी, सगळी आधीच उंचावर.

पाचवा प्रश्न माझा स्वतःचा. यजमान म्हणाले, गाडी तुझ्या नावावर करू. ऐकून बरे वाटले. पण सुनेने वाचून सांगितले की, मालकाचा जो पंधरा लाखांचा अपघाती विमा असतो, तो मालकाजवळ स्वतःचा वाहन परवाना असेल तरच लागू होतो. परवाना नसलेल्या बाईच्या नावावर गाडी करणे म्हणजे मान दिला आणि संरक्षण काढून घेतले, असेच झाले. मी म्हटले, "नाव घालायचे तर आधी मी शिकते." पन्नाशी उलटल्यावर मी चालवायला शिकले. पहिल्या आठवड्यात आमच्या कुंपणाची एक बाजू गेली, ती गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहेच!

आता निकाल. नवरात्रात एके रात्री आम्ही सगळे बसलो. मुलाचा जीव ताऱ्यावर होता, आणि ते मला दिसत होते. तरुण मुलाची दहा-बारा वर्षांची हौस आईने मोडावी, हे काही सुखाचे काम नाही. मी त्याला एवढेच म्हटले, "दोन्ही गाड्या चांगल्या. तुझा ताराही खोटा नाही. पण एक वर्ष पीक हातचे गेले, तर बहात्तर हजारांचा हप्ता कोण भरील, ते मला सांग. उत्तर असेल तर तीच घे." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, उत्तर नाही." दसऱ्याला ए-फोर दारी आली. जे कर्ज वाचले त्याच्या हप्त्याइतकी रक्कम, एकतीस हजार, आम्ही दरमहा वेगळ्या खात्यात टाकू लागलो.

२६ नोव्हेंबर २०२३ ची संध्याकाळ आपण कोणी विसरणार नाही. निफाड तालुक्यात गारा पडल्या आणि बागा झोडपून निघाल्या. आमचीही गेली. त्या रात्री मुलगा बागेतून चिखलाच्या पायांनी आला, ओट्यावर बसला आणि पहिला प्रश्न त्याने विचारला तो, "आई, त्या खात्यात किती आहेत?" चार लाखांच्या वर होते. त्यातून औषधांची उधारी फिटली, मजुरांचे पैसे चुकते झाले, आणि मोटारीचा एकही हप्ता चुकला नाही. गाडी विकायची वेळ आली नाही, आणि बाग तोडायचीही आली नाही.

भगिनींनो, दुकानदार गाडीशी गाडी ताडून दाखवतो. आपण गाडी आपल्या घराशी ताडून पाहावी. आपली म्हातारी माणसे, आपला रस्ता, आपली नदी, आपले पीक, हे रकाने दुकानाच्या कागदावर कधी नसतात. ते आपणच आखावे लागतात. मग गाडी साठ लाखांची असो की सहा लाखांची. आणि ते आखताना "यातले आम्हा बायकांना काय कळते" असे म्हणून आत जाऊन बसू नये. घरातले सगळे हप्ते शेवटी आपल्याच डब्यांतून जात असतात.

बोलणे लांबले, त्याची क्षमा असावी. कोणाला वहीतले ते पान उतरवून घ्यायचे असेल तर घरी यावे, चहाही होईल. आणि परत सोडायला मी स्वतः येईन. कुंपण मात्र जपून बांधून ठेवा! इतके बोलून मी आपली रजा घेते.