सनद मिळाली, पुढे काय?

डॉक्टरकी शिकणाऱ्याला इंटर्नशिप सक्तीची असते. वकिलाला मात्र पदवीनंतर तशी सक्ती नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1995 मध्ये सनदेआधी, म्हणजे वकिलीचा परवाना मिळण्याआधी, वर्षभराच्या प्रशिक्षणाचा नियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये तो रद्द केला, कारण 1961 च्या वकील कायद्यात कौन्सिलला तसा अधिकारच उरला नव्हता. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा आली. ती टिपा नसलेले मूळ कायदे (बेअर अ‍ॅक्ट) सोबत ठेवून देता येते, म्हणजे कसोटी तशी मर्यादितच!

खरं शिक्षण सिनिअरच्या हाताखाली. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, पाहायचा, वकीलपत्रावर कोर्ट फी तिकीट लावलंय ना हे तपासायचं, नकलेचा अर्ज द्यायचा, रोजनामा (कामकाजाची रोजची नोंद) वाचायचा. सिनिअर दुसऱ्या कोर्टात अडकले, की न्यायाधीशांसमोर उभं राहून तारीख मागायची. पाय लटपटतात, पण हे वर्गात शिकवता येत नाही.

प्रश्न पोटाचा आहे. 2024 मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअरना शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं, असं सुचवलं. पण ती शिफारसच, बंधन नाही. तेव्हा चेंबर निवडताना विद्यावेतनाबद्दल संकोच न करता आधीच विचारा.