कलम ६४-अ

मुलगा ब्राऊन शुगर ओढतो असं घरात कळलं, की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो तो आधी पोलिसांच्या धास्तीने. दवाखान्यात न्यावं, तर नाव नोंदलं जाईल, उद्या वर्दी दारात उभी राहील. मग पोराला गावी मामाकडे पाठवायचं आणि चारचौघांत विषय टाळायचा.

धास्ती अगदीच खोटी नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइन किंवा कोकेन असेल, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण याच कायद्यात ६४-अ हे कलमही आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइनचं ५ ग्रॅमपर्यंत, गांजाचं १ किलोपर्यंत. पकडलेल्या पोराला ठाण्यात हे कोण सांगतं? वकील परवडणाऱ्यालाच ते कळतं.

शिवाय मेख आहेच. उपचार पूर्ण केले नाहीत, तर हे संरक्षण काढून घेता येतं. मला हे पटत नाही. टर्की, म्हणजे नशा बंद झाल्यावरचा त्रास, सुरू झाली, हाडं ठणकायला लागली, की केंद्रातून पळ काढणारे असतातच. त्यातले काही पुन्हा येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सावरतातही. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार सुमारे पाच आठवड्यांचे, पण खरं काम त्यानंतरचं. पाठपुरावा, बायकामुलांशी बोलणं, पुन्हा घसरलेल्याला पुन्हा आत घेणं. पळून गेलेल्याला खटल्याची भीती घातली, तर तो परत कशाला येईल?

पोर्तुगालने २००१ मध्ये वेगळी वाट धरली. साधारण दहा दिवस पुरेल एवढाच माल सापडला, तर माणूस कोर्टाऐवजी एका छोट्या आयोगापुढे जातो. तिथे त्याच्याशी बोलून उपचार सुचवले जातात. विक्री मात्र तिथेही गुन्हाच आहे.

आपल्याकडे कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घरात कुणी अडकलं असेल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक लिहून घ्या. फोन मोफत आहे. जवळचं सरकारमान्य केंद्र कुठे आहे, हे आधी विचारा.