पावसाआधी टायर पाहा

आपल्या अंबरनाथ-बदलापूरकडे पाऊस हात राखून पडत नाही. मृगापूर्वी आपण छत्र्या दुरुस्त करून घेतो, तसे मोटारीचे टायरही पाहावेत. टायरच्या खाचा शोभेच्या नव्हेत. चाकाखालचे पाणी त्यांतून बाहेर निघते. त्या झिजल्या की वेगातले चाक पाण्यावर तरंगते, मग ब्रेक दाबूनही गाडी आवरत नाही. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटा असतो. रबर झिजून त्याच्या बरोबरीस आले, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. मोटारीला याहून कमी कायद्यानेही चालत नाही. नव्या सीटकव्हरांचा खर्च पुढे ढकलावा, टायरचा ढकलू नये. गाडीत आपलीच लेकरे बसतात. तेव्हा वाकून पाहण्याचे काम आपणही करावे.