चालून आलेल्या माणसाला भाव मिळत नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाची शेवटची वेचणी आटोपली आणि आम्ही काही मंडळी हेमलकशाला जाऊन आलो. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज सांगायचे आहे ते त्या मुलखातल्या माडिया माणसाच्या चालण्याबद्दल.

पाऊलवाट एका माणसापुरती, म्हणून माडिया एकामागे एक चालतात. पुरुषाच्या खांद्यावर कावड, बाईच्या डोक्यावर ओझे. पाण्याला चालायचे, सरपणाला चालायचे. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचायला चालायचे. मे महिन्यात तेंदूची पाने तोडायची, सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि फळीवर नेऊन द्यायचा. प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळात तर लोक आजाऱ्याला खाटेवर घालून मैलोनमैल जंगल तुडवत दवाखान्यात आणत. रस्ते झाले, तरी पावसाळ्यात आडवाटेच्या गावांतून खाट खांद्यावर घ्यायची वेळ अजून येते.

आम्हीही आधी म्हणालो, ‘किती काटक माणसं!’ तेव्हा आमच्यातली एक म्हातारी बोलली, ‘हौसेनं चालते का कोणी?’

आम्ही गप्प झालो. मग हिशेब मांडायला बसलो.

एके काळी या भागात व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेत. माडिया माणसाला अक्कल नव्हती म्हणून हे झाले काय? नाही. दिवसभर चालून आलेला माणूस टोपली परत नेणार नाही, आणि मिठावाचून घरी जाणार नाही, हे व्यापारी ओळखून होता. भाव मालाचा ठरला नाही, थकलेल्या पायांचा ठरला.

आता आपल्याकडे बघा. गाडीभाडे देऊन कापूस बाजारात नेला, रात्र गाडीखाली काढली. सकाळी पडेल तो भाव आपण घेतो. कारण परतीचे भाडे अंगावर पडते. पाय त्यांचे, चाके आपली, अडचण एकच.

यावर तोड त्याच गडचिरोली जिल्ह्यात निघाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबू विकण्याचा अधिकारही हाती आला. ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपानाचे लिलाव स्वतः करू लागल्या. माल गावात राहिला, आणि घेणारा चालत दारी आला.

भावांनो, एकट्याने गाडी जुंपण्याआधी गावाने एकत्र बसावे. गावचा कापूस, गावची ज्वारी एका ठिकाणी तोलावी, मग घेणाऱ्याला बोलवावे. साठवायला जागा नसेल तर आधी तिचे बघावे.

आणि घरी गेल्यावर आणखी एक करा. पाण्यासाठी, सरपणासाठी, शेतात भाकर पोचवण्यासाठी घरची बाई दिवसाला किती चालते, ते तिलाच विचारा आणि वहीत लिहा. सरकारी उत्पादनखर्चात कुटुंबाच्या शेतातल्या राबण्याची मजुरी धरतात. डोक्यावरच्या घागरीला मात्र रकाना नाही. तो रकाना आधी आपल्या वहीत पाडू. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.