मेबलचे रात्रीचे उड्डाण
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळा सातवीतच सुटली. म्हणून कागद हातात धरून वाचते आहे, अडखळले तर सांभाळून घ्या.

चिटणीसबाईंनी सांगितले होते की, प्रत्येकीने एका पराक्रमी स्त्रीची माहिती सांगायची. जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्याबाई तुम्ही घेतल्यात. मी एक परकी मुलगी निवडली. त्याला कारण घरातलेच आहे. आमची थोरली बारावीला आहे आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा अर्ज भरीन म्हणते. तिथे २०२२ पासून मुलींनाही घेतात. तिला विमान चालवायचे आहे. मी नको म्हटले, तर रोज रात्री भांडी आवरून झाली की ती मला विमान चालवणाऱ्या बायकांची एकेक हकीगत वाचून सांगू लागली. ऐकून आईची भीती जाईल, असे तिला वाटले. त्यांतलीच ही एक.

मुलीचे नाव मेबल रॉलिन्सन. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमझू म्हणून गाव आहे, तिथल्या ग्रंथालयात ती नोकरीला होती. हौसेने विमान चालवायला शिकली. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. पुरुष वैमानिक लढाईवर गेले, मग देशातली उड्डाणे करायची कोणी? सरकारने बायकांना बोलावले. पंचवीस हजारांवर अर्ज आले, शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या १०७४. या पथकाला ‘वास्प’ म्हणत.

मेबलला नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प डेव्हिस या तळावर पाठवले. तोफखान्याचे जवान तिथे शत्रूचे विमान पाडायला शिकत. त्यासाठी काय करीत, ऐका. विमानाच्या मागे लांब दोराला कापडाचा मोठा पट्टा बांधायचा आणि जमिनीवरून त्या पट्ट्यावर खरे गोळे झाडायचे. पुढे विमानात बाई! शिवाय रात्री मोठमोठ्या दिव्यांच्या झोतात विमान पकडण्याचा सराव चाले, म्हणून या मुलींना अंधारातले उड्डाणही शिकावे लागे. विमाने मात्र वापरून झिजलेली, दुरुस्तीची आबाळ. तक्रारी लिहून दिल्या तरी सगळ्यांची दखल घेतली जात नसे.

२३ ऑगस्ट १९४३ ची रात्र. उड्डाणाची पाळी खरे म्हणजे मेबलच्या मैत्रिणीची होती. पण ती जेवली नव्हती. मेबल म्हणाली, तू जेवून घे, आधी मी जाते. भगिनींनो, आपण रोज कोणाला तरी असे म्हणतोच की!

मैत्रीण भोजनगृहात बसली होती, तेवढ्यात अपघाताचा भोंगा झाला. सगळ्या धावत मैदानावर गेल्या. उतरायला येताना विमान कोसळून दोन तुकडे झाले होते. मागच्या आसनावर बसलेले शिक्षक बाहेर फेकले गेले, ते वाचले. पुढचा भाग पेटला होता आणि मेबल आत होती. तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. ती २६ वर्षांची होती. बैठकीवरच्या झाकणाची कडी नादुरुस्त होती, ती आतून उघडत नसे आणि तसे आधी कळवलेही होते, असे तिच्या सोबतिणींनी पुढे सांगितले.

हे ऐकले आणि मी लेकीला म्हटले, थांब, आता पुढे नको.

आमच्या न्हाणीघराची कडी एकदा महिनाभर जाम होत होती. मी रोज सांगे, घरात रोज उत्तर मिळे, ‘बघू रविवारी.’ एका दुपारी हीच पोर, चार वर्षांची, आत अडकली. शेजारच्या भाऊंनी पहारीने दार उचकटले तोवर रडून रडून तिचा आवाज बसला होता. आमच्याकडे आग नव्हती, एवढेच.

पुढची हकीगत लेकीने दुसऱ्या दिवशी सांगितली, तिचा मला जास्त राग आला. या मुली लष्करासाठी उडत, पण कागदोपत्री त्या लष्करात नव्हत्या. त्यामुळे मेल्यावर सरकारी खर्चाने अंत्यसंस्कार नाही, शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा हक्क नाही. एखादीचा देह घरी पाठवायचा तर सोबतिणी आपसांत वर्गणी काढीत. अशा ३८ जणी गेल्या. डिसेंबर १९४४ मध्ये पथकच बंद केले आणि बाकीच्यांना घरी पाठवले.

मी लेकीला विचारले, ‘आणि तुला कडी नादुरुस्त दिसली तर?’ ती म्हणाली, ‘दुरुस्त होईपर्यंत उडणार नाही.’ लष्करात असे म्हणता येते का, मला ठाऊक नाही. अर्ज अजून फडताळात आहे. मी हो म्हटलेले नाही. पण नको म्हणणेही आता जमत नाही.

१९७७ साली कायदा झाला आणि या बायकांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. १० मार्च २०१० रोजी त्यांच्या संसदेने पथकाला सुवर्णपदक दिले. तोवर हयात असलेल्या आजीबाई झाल्या होत्या, काही चाकांच्या खुर्चीतून आल्या. मेबलच्या घरच्यांनी मात्र १९४३ सालीच, हक्क नसताना, तिच्या पेटीवर ध्वज घातला होता.