भोवळीचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आपल्या मेळाव्यात कापसाच्या भावावर बोलणे होते. विजेवर, कर्जावर, पीकविम्यावर बोलणे होते. आज आम्ही चक्कर येण्यावर बोलणार आहोत. हसू नका. कारंजा, मानोरा, मंगरूळपीरकडे बैठकीला गेलो, की सभा संपल्यावर माणसे बाजूला घेऊन बोलतात. कुणी म्हणतो, फवारा पाठीवर घेतला की गरगरते. कुणी बाई म्हणते, वेचणीत वाकून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणी म्हणतो, रात्री कूस बदलली की घर फिरते. विचारले, किती दिवसांपासून? उत्तर येते, दोन वर्षे झाली, चालायचेच.

आमचे म्हणणे एवढेच, की हे चालायचे नाही. आम्ही डॉक्टर नाही, तुमच्यासारखे कोरडवाहूच. पण डॉक्टर मंडळींकडून जे समजून घेतले आणि घरात जे भोगले, ते तुमच्यापुढे मांडतो.

चोवीस बाटल्या

आमच्या घरातलीच गोष्ट आहे. पस्तिशीची बाई, दोन लेकरांची आई. वेचणीला पहिली, निंदणाला पहिली. तिला चक्कर येऊ लागली. दर महिन्याला एकदा दवाखान्यात न्यायचे, सलाईन लावायची, ताकदीचे इंजेक्शन द्यायचे. दोन दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. दोन वर्षांत चोवीस बाटल्या झाल्या. एका वेळचे चारशे धरले तरी नऊ हजार सहाशे रुपये गेले. बुडालेली मजुरी वेगळी.

त्या बाटलीत काय असते? अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ. साखरेची बाटली असेल तर आणखी पंचवीस ग्रॅम साखर. घरात पाच रुपयांत होणारे सरबत आम्ही चारशे रुपये देऊन शिरेतून पीत होतो. उलट्या-जुलाबांनी माणूस सुकला असेल, तोंडाने पाणी ठरत नसेल, तर सलाईन जीव वाचवते, यात शंका नाही. पण दर महिन्याच्या चकरेवर ते औषध नव्हे.

शेवटी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सहा निघाले. बाईला पाळीत खूप रक्त जात होते. तिने ते कुणाला सांगितले नव्हते, आणि आम्ही कुणी विचारले नव्हते. पाळीचा इलाज झाला, लोहाच्या गोळ्या चालल्या, चार महिन्यांत हिमोग्लोबिन अकरावर आले आणि चक्कर थांबली. जे दोन वर्षे आणि चोवीस बाटल्यांना जमले नाही, ते एका तपासणीने केले.

भावांनो, चक्कर म्हणजे धूर आहे. आपण पंख्याने धूर हाकलत बसतो आणि गंजीला कुठे आग लागली ते पाहत नाही.

आधी चक्कर ओळखा

आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आता पडतो की काय असे वाटते, ही एक. आपण जागेवर असतो आणि घर, झाडे गरगर फिरतात, ही दुसरी. डोके ठीक असते पण चालताना तोल जातो, ही तिसरी. पहिलीत बहुधा रक्त, पाणी, रक्तदाब किंवा साखर पाहावी लागते. दुसरीत आधी कान पाहावा लागतो. तिसरीत नसा आणि मेंदू. डॉक्टरपुढे नुसते "चक्कर येते" म्हणू नका. केव्हा येते, किती वेळ टिकते, काय फिरते, ते सांगा. निम्मे निदान तिथेच होते.

रक्त

महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे वेचणीला दहा बाया गेल्या, तर त्यांतल्या पाच-सहा अपुऱ्या रक्तावर कापूस वेचतात. बाईचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली आणि पुरुषाचे तेराच्या खाली गेले, की रक्त कमी समजतात. आठच्या खाली गेले तर प्रकरण गंभीर.

आपल्या ज्वारीत लोह आहे, पण ते सारेच अंगी लागत नाही. त्यात जेवणावर लगेच चहा घेतला, की चहा ते लोह अडवतो. भाकरीबरोबर हिरवी भाजी, वरून लिंबू पिळा, चहा तासभर लांब ठेवा. याला पैसे लागत नाहीत. मात्र रक्त फार उतरले असेल, तर नुसत्या खाण्याने भरत नाही, गोळ्या लागतात. गोळीने शौच काळी होते, म्हणून घाबरून सोडू नका. रक्त भरल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, नाहीतर कोठार रिकामेच राहते.

पुरुषाचे रक्त कमी निघाले तर ते कुठून जाते ते शोधलेच पाहिजे. मूळव्याध असेल, आतड्यात काही असेल. कंबर दुखते म्हणून रोज दुकानातली गोळी खाणाऱ्याच्या पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त झिरपत असते. गोळ्या चालू नसतानाही शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे. घराण्यात कुणाला असेल तर त्याची तपासणी करून घ्या.

माळकरी आणि शाकाहारी घरांत आणखी एक उणीव असते, बी-१२ जीवनसत्त्वाची. पायांना मुंग्या येतात, जीभ सोलते, अंधारात तोल जातो. दूध-दह्यात हे थोडे मिळते, अंड्यात मिळते, आणि उणीव मोठी असेल तर त्याची औषधे आहेत.

ऊन आणि उपाशी पोट

आपला दिवस कसा असतो? पहाटे कोरा चहा, तोंडात तंबाखू किंवा खर्रा, आणि थेट वावर. भाकर दुपारी. वैशाखात वखरणीला आणि आश्विनातल्या उन्हात सोंगणीला अंगातून लिटरच्या लिटर घाम जातो आणि सोबत एक बाटली पाणी. चक्कर नाही येणार तर काय होईल? त्यात आमच्या मायबहिणी वावरात आडोसा नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. दिवसभर कोरड्या राहतात. हा लाजेचा विषय नाही, सोयीचा आहे, आणि ती सोय वावरधन्याने केली पाहिजे.

एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप पाठ करा. साखरेचा आजार असलेल्याने आपले माप डॉक्टरला विचारून घ्यावे. उन्हात चक्कर येऊन माणूस बरळू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात. त्याला सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

फवारणी

२०१७ चा हंगाम विसरू नका. जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो माणसे दवाखान्यात दाखल झाली. सरकारने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली, ती यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि आपल्या वाशीम जिल्ह्यातही. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता.

जे गेले ते मोजले गेले. पण जे हंगामभर गरगरत फवारत राहिले, त्यांची मोजणी कुणी केली नाही. तेच आज इथे बसले आहेत.

हे विष काम कसे करते ते समजून घ्या. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट या गटातली औषधे आपल्या नसांतला एक कामाचा पदार्थ निकामी करतात. त्याचे नाव कोलिनएस्टरेज. तो भरून यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. आज फवारले, थोडे गरगरले, सकाळी ठीक वाटले. आठ दिवसांनी पुन्हा फवारले. आधीचे भरले नव्हते, त्यात आणखी घटले. दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणाऱ्या मजुराची तर रोजच घट. म्हणून चौथ्या-पाचव्या फवारणीला गडी अचानक पडतो आणि आपण म्हणतो, काल तर चांगला होता.

हे विष नुसते नाकातून जात नाही, कातडीतूनही जाते. गळक्या पंपाने भिजलेली पाठ हे त्याचे मोठे दार आहे. म्हणून पंप गळका नको. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत तोंडावर फवारा घेत चालू नका, वारा पाठीकडून राहू द्या. तीन-चार औषधे एका टाकीत कालवू नका. फवारणी सकाळच्या थंडाव्यात, पोटात भाकर घालून करा. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. घरी आल्याबरोबर साबणाने आंघोळ. आणि ते कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, कारण ते धुणारी बाई फवारणी न करताच विष घेते.

फवारताना चक्कर आली, घाम सुटला, तोंडाला पाणी सुटले, अंधुक दिसू लागले, मांस फडफडू लागले, तर फवारणी तिथेच थांबवा. कपडे उतरवा, अंग धुवा, दवाखाना गाठा. औषधाचा डबा सोबत न्या, कारण विषाप्रमाणे इलाज बदलतो. दुधाने विष उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

रक्तदाब, साखर आणि गोळ्या

"चक्कर आली की बीपीची गोळी घ्यायची," असे लोक सांगतात. हा घातकी गैरसमज आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा कसलीच खूण देत नाही. तो मोजूनच कळतो, आणि गोळी डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे रोज घ्यावी लागते. उलट, गोळी जास्त झाली किंवा अंगात पाणी कमी झाले, तर दाब उतरून उठताना अंधारी येते. म्हणून तो आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, दोन्ही वेळा मोजायला सांगा.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी पोटी वखर धरला, तर साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, चक्कर. अशा माणसाने खिशात गूळ-साखर बाळगावी. झोपेच्या आणि लघवीच्या त्रासाच्या काही गोळ्यांनीही चक्कर येते. चालू असलेल्या साऱ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरपुढे ओता. चक्कर दाबणारी गोळी मनानेच वर्षानुवर्षे खाऊ नका. त्यांतल्या काहींनी हातपाय कापू लागतात.

कान आणि झोप

कूस बदलताना, वर पाहताना किंवा वाकताना घर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ही बहुधा कानाची चक्कर. आतल्या कानात चुन्याचे बारीक कण असतात. ते जागा सोडून सरकतात. जाणता डॉक्टर डोके ठरावीक रीतीने फिरवून ते परत जागेवर आणतो, पुष्कळदा एक-दोन वेळांत काम होते. यासाठी महिनोन्‌महिने मानेचा पट्टा बांधून बसलेली माणसे आम्ही पाहिली. कान वाहत असेल आणि सोबत चक्कर असेल, तर कानाच्या डॉक्टरला दाखवायला उशीर करू नका.

रात्रीच्या पाळीच्या विजेवर ओलीत करणारा आणि कर्जाच्या काळजीने जागणारा, या दोघांनाही गरगरते. छाती धडधडते, श्वास भरतो, तपासण्या मात्र चांगल्या येतात. म्हणून ते खोटे नसते. त्यावरही इलाज आहे. मन फार खचले तर १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. त्यावर बोलण्यात कमीपणा नाही.

ज्यात तास मोजायचे

चकरेसोबत तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, एका बाजूचा हात-पाय गळाला, छातीत दुखले किंवा काम करताना शुद्ध हरपली, तर १०८. लकव्यात गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. सकाळपर्यंत पाहू म्हणणाऱ्याची सकाळ फार महाग पडते.

आपला ठराव

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत उपचार मोफत केलेले आहेत. वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. ती आपल्याच पैशावर उभी आहेत, तिथे हक्काने जा. हिमोग्लोबिन, साखर आणि आडवा-उभा रक्तदाब, एवढे तरी मागून घ्या. नाही झाले तर एकट्याने परत येऊ नका. गावातले दहाजण मिळून जा आणि विचारा.

आपण कापसाचा उत्पादन खर्च काढतो. बियाणे, खत, औषध, मजुरी, सारे धरतो. त्या वहीत एक रकाना आजवर कोराच राहिला, तो आपल्या देहाच्या झिजेचा. व्यापाऱ्याने तो धरला नाही, सरकारने धरला नाही. आपण स्वतःच धरला नाही, तर दुसऱ्याकडे कोणत्या तोंडाने मागणार?

आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातल्या बाईला विचारा, तुला चक्कर येते का. आणि ती "चालायचेच" म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी वावराचे काम राहू द्या आणि तिला घेऊन तपासणीला जा.