बैलाचा फोटो आणि आपली नजर

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. इसा लेश्को नावाच्या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी २००८ पासून म्हाताऱ्या गाई, डुकरं, मेंढ्या, कोंबड्यांचे काळे-पांढरे फोटो काढले. २०१९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. बाई गोठ्यात जमिनीवर आडव्या पडायच्या, जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर यायच्या आणि मग फोटो घ्यायच्या. घरच्या वडीलधाऱ्यांचा फोटो भिंतीवर लावावा, तशी ती जनावरं दिसतात.

कोणी म्हणेल, यात आपलं काय? आहे. आपल्या बहुतेकांच्या बापजाद्यांच्या वाट्याला बैल आला तो मेलेला. ओढायचा त्यांनी आणि विटाळही त्यांचाच. गाय पूज्य अन् तिला ओढणारा माणूस अस्पृश्य! १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला बजावलं. म्हणून जनावराला कोणी पवित्र म्हटलं की आपण बिचकतो. ते बिचकणं खोटं नाही.

पण धम्मातला मान निराळा आहे. नंदिविसाल जातकातला बैल शंभर गाड्या ओढायला उभा राहिला. मालकानं हिणवलं तसा जागचा हलला नाही. गोड शब्दानं बोलावलं, तेव्हा त्याच गाड्या ओढल्या. सम्राट अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावर सिंहांच्या पायाखालच्या पट्टीत बैल कोरलेला आहे. २६ जानेवारी १९५० पासून तो आपल्या राजमुद्रेत आहे. त्याला ना हळद, ना कुंकू. तरी मान आहेच.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्या चांद्यात दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती विहारात म्हणायची आणि बांधीत विसरायची, असं कसं चालेल?

पोरांनो, आता घरोघरी मोबाईल आहे. रोवण्याच्या दिवसांत चिखलात उभ्या बैलाचा, दारातल्या बकरीचा फोटो काढा. मात्र वरून नको. खाली बसून, तिच्या डोळ्यात बघून काढा. पूजा करू नका, अन् तुतारीही टोचू नका. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी बरोबरीनं पाहिलं नाही, त्यांनी दुसऱ्या जीवाकडे वरून पाहू नये, एवढंच आमचं म्हणणं.

नमो बुद्धाय! जय भीम!